तुमच्या डाव्या हाताला

२ फेब्रुवारी

टिल्लू,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. ती जागा रिकामी सोडली आहे. पत्रास कारण म्हणजे तू.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर तुझा तो एजंट त्याचा फोटो काढून जगाला दाखवेल, की बघा, जुन्या क्लबचा कप्तान आमच्या पोराला कसा छळतो. म्हणून कागद. कागदावर मला मनसोक्त लिहिता येतं आणि तुला मध्येच फोन कापता येत नाही.

तू क्लब सोडलास हे मला कसं कळलं, सांगतो. मी लॉन्ड्रीच्या खोलीत माझे गोलकीपरचे हातमोजे वाळत घालत होतो. मावशी इस्त्री करत होत्या आणि त्यांच्या हाताखाली तुझाच शर्ट होता, शनिवारच्या सामन्यातला. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, की टिल्लूचा फोटो आलाय, भलत्याच क्लबचा शर्ट छातीशी धरून हसतोय. मावशींनी इस्त्री उभी केली आणि मला विचारलं, "मग ह्याची घडी करू की नको?" मी संघाचा कप्तान, तुझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, आणि मला ही बातमी लॉन्ड्रीत कळते.

आपल्याकडे जाणारा माणूस कसा जातो ते तुला माहीत आहे. खुंटीवरचे आपले बूट आपण काढायचे आणि सगळ्यांशी हात मिळवून जायचं, सुरुवात लॉन्ड्रीपासून. गुडघा गेला तेव्हा आपला म्हातारा बॅक, इतकी वर्षं बचाव सांभाळणारा, कुबड्या घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला होता. तुझे बूट न्यायला ड्रायव्हर आला. त्याला तुझी खुंटीसुद्धा माहीत नव्हती, मी दाखवली.

आणि वेळ काय निवडलीस. लीगमध्ये आपण तळाशी आहोत. हंगाम संपताना तळाला राहिलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार, आणि तिथून वर येणारे क्लब मी फार पाहिलेले नाहीत. गोल मारणारा तू एकटा होतास. हंगाम संपल्यावर गेला असतास तर तुझी बॅग उचलून स्टेशनवर मी आलो असतो. भर पुरात होडी घेऊन पळालास.

तुझी ताई हल्ली भांडी जोरात ठेवते.

तुझ्या ताईचा नवरा

१७ फेब्रुवारी

ती. भावोजी,

'ती.' रिवाज म्हणून लिहिलंय. फार मनावर घेऊ नका.

तुमचं पत्र वाचलं. नाकाने कांदे सोलावेत तर तुम्हीच. ज्याला कोणी मागणी घालत नाही त्याला निष्ठावान राहणं फार सोपं असतं, भावोजी. तुमच्या दाराशी कुठल्या क्लबची गाडी कधी येऊन थांबली होती, सांगा. आली असती आणि तुम्ही ती परत पाठवली असतीत, तर तुमच्या पायाचं तीर्थ घेतलं असतं.

म्हातारा बॅक कुबड्या घेऊन हात मिळवत फिरला, खरं आहे. पुढचं का नाही लिहिलंत? आज तो मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडतो. क्लबने त्याला एक शर्ट फ्रेम करून दिला आणि घराचा रस्ता दाखवला. गरज सरो नि वैद्य मरो. मी त्याच्याकडे बघत मोठा झालोय. तुम्ही दंडावरच्या कप्तानाच्या पट्टीकडे बघत मोठे झालात, एवढाच काय तो फरक.

आणि मी पळालो नाही, मला विकलं. दुपारी विचारलं, संध्याकाळी सही. आपल्या मालकांनी माझ्याआधी सही केली होती, शाई ओली होती त्यांची. तुम्ही मालकांना पत्र लिहिलंत का? नसेल लिहिलं. तिथे तुमची जीभ टाळ्याला चिकटते. मेहुण्यावर ओरडायला काही लागत नाही.

माझे पाय आणखी किती वर्षं चालतील हे देवालाही माहीत नाही. तेवढ्या वर्षांत मला वर जायचंय. यात पाप काय आहे ते मला अजून कोणी समजावलेलं नाही.

बूट घ्यायला मी आलो नाही, कारण मावशींसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. हे त्यांना सांगा. हे त्यांच्यासाठी लिहिलंय, तुमच्यासाठी नाही.

इथे सगळं उत्तम आहे. मैदान गालिच्यासारखं. नवे प्रशिक्षक मला हळूहळू समजून घेतायत.

तुमचा मेहुणा (माझा इलाज नाही)

१९ मार्च

टिल्लू,

प्रशिक्षक तुला समजून घेतायत म्हणजे बाकावर बसवतायत. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? सामने आम्हीही बघतो. तुझी ताई तर फक्त बाकाकडे बघते. परवा म्हणाली, "ह्याने मफलर नीट गुंडाळलेला नाही." आमचे गोल मारायचे सोडून तू गालिच्याच्या कडेला बसून बाक गरम करतोयस.

मालकांबद्दल लिहिलंस. मालक विकणारच, तो त्यांचा धंदा आहे. दुकानदाराने भाव केला म्हणून मालाने नाचत जायचं नसतं. तुला नको म्हणता आलं असतं. तुझा करार होता. तू नको म्हणाला नाहीस, कारण तुला जायचंच होतं. मग सरळ म्हण ना. 'मला विकलं' म्हणून गळा काढू नकोस.

इकडची हालहवाल. तू गेल्यापासून आम्ही एक सामना जिंकलो, तोही समोरच्याच्या बॅकने स्वतःच्या गोलात चेंडू ढकलला म्हणून. मैदानामागच्या न्हाव्याच्या दुकानात तुझा मोठा फोटो होता, तो त्याने उलटा करून लावलाय. काढून का टाकत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, मागे भिंतीला ओल आहे. एवढाच काय तो तुझा उपयोग उरला आहे.

हंगामाचा शेवटचा सामना कोणाशी आहे ते पाहिलंस? तुमच्याशी, आमच्या मैदानावर. तोवर आमचं सगळं त्या एका दिवसावर येऊन ठेपेल असं दिसतंय. तू बाकावरून बघशील. चांगली जागा आहे, सगळं दिसतं.

ताईचा नवरा

११ एप्रिल

ती. भावोजी,

मफलर आता घडी करून कपाटात आहे. आमच्या मोठ्या स्ट्रायकरच्या मांडीचा स्नायू फाटला आणि हंगामभर तो परत येत नाही. मी खेळतोय, गोल मारतोय, पेनल्टीही मीच घेतो. तुम्ही बघितलं असेलच. त्यावर एक ओळ लिहिली नाहीत. बाकावर होतो तेव्हा मात्र शाई वाहत होती.

तुमचं दुखणं मला कळतं. मी तिथे कुजलो असतो तर तुम्हाला गोड वाटलं असतं. ताईच्या लग्नात मी तुमच्या बुटांच्या लेस बांधल्या होत्या. तोच मुलगा तुमच्या डोक्यावरून वर गेलेला तुम्हाला बघवत नाही. निष्ठा वगैरे त्यावर घातलेली चादर आहे.

हो, मला जायचं होतं. घ्या, म्हटलं सरळ. झोपेतसुद्धा जायचं होतं. सरावानंतर तुम्ही गोलात उभे राहायचात आणि अंधार पडेपर्यंत माझ्याकडून पेनल्टी मारून घ्यायचात, तेव्हासुद्धा माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच, मोठं मैदान असायचं. तुम्हाला काय वाटलं, एवढा घाम मी त्या पत्र्याच्या छपरासाठी गाळत होतो?

शेवटच्या सामन्याला येतोय. बाकावर नाही.

मेहुणा

६ मे

टिल्लू,

घोडामैदान जवळ आलंय, म्हणून तीन गोष्टी स्पष्ट करतो.

सामन्याआधी घरी यायचं नाही. ताई 'येऊ दे' म्हणते. मी 'नाही' म्हणतो, आणि घर माझंही आहे. त्या दिवशी तू पाहुण्यांच्या दाराने यायचं आणि त्याच दाराने जायचं.

गोल मारलास तर हात जोडून उभा राहू नकोस. हल्ली एक फॅशन झाली आहे. जुन्या क्लबला गोल मारायचा आणि मग चेहरा पाडून प्रेक्षकांची माफी मागायची. घर पेटवून वर रडायला येण्यातला प्रकार आहे तो. मारलास तर नाच. निदान तो अपमान सरळ असेल.

आणि पेनल्टी. इथे सगळे मला तेच विचारतात, तुमचा मेहुणा कुठे मारतो? प्रशिक्षकांनीही विचारलं. मी म्हणालो, मला सांगायची गरज नाही, अडवायचं मलाच आहे. तुझा पाय कुठे जाणार हे तुझ्याआधी मला कळतं. त्या पायाला मीच शिकवलंय. मिळालीच तर घे, घाबरून दुसऱ्याच्या हातात चेंडू देऊ नकोस.

आम्हाला बरोबरी पुरेशी आहे. एक गुण मिळाला तर क्लब वरच राहतो. हा माझा शेवटचा हंगाम आहे, हे मी अजून ताईखेरीज कोणाला सांगितलेलं नाही. जाताना क्लब जिथे होता तिथे ठेवून जायचं, दुसरं काही मागणं नाही. तू आड येऊ नकोस, हे मी म्हणणार नाही. तू येणारच. ये.

ताईचा नवरा

१४ मे

भावोजी,

हे पत्र मित्राच्या हाती पाठवतोय. वाचून झालं की फाडून टाका.

रविवारी पेनल्टी मिळाली तर मी तुमच्या डाव्या हाताला मारणार. खाली, खांबाच्या अलीकडे. जोर कमी ठेवीन. काही झालं तरी तिथेच.

मुद्दाम बाहेर मारली तर लहान पोरालाही कळेल. तुम्ही अडवलीत तर ती तुमची करामत, मला कोणी काही म्हणणार नाही. बाकी खेळ मी पूर्ण ताकदीने खेळणार. चालत्या खेळात गोल झाला तर झाला, तिथे पाय आवरता येत नाही मला. पण पेनल्टीत तुमच्यासमोर एकटा उभा राहून क्लब बुडवणं माझ्याच्याने होणार नाही.

हे तुमच्यावर उपकार म्हणून नाही. तुमचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नाही. ताईसाठी आहे, मावशींसाठी आहे, फाटकावरच्या म्हाताऱ्यासाठी आहे. हा कागद कोणाला दाखवलात तर मला जन्मभर कुठे खेळू देणार नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिलंय.

टिल्लू

२० मे

चि. टिल्लू,

तुझं आणि ह्यांचं काय चाललंय ते मी आजवर विचारलं नाही. पाकिटं येत होती, जात होती, मी टेबलावर ठेवत होते. आता मीच लिहिते.

क्लब खाली गेला, ते तुला सांगायला नको. सामना शून्य-शून्य चालला होता. थोडाच वेळ उरला होता, लोक घड्याळं बघत होते, माझ्या शेजारच्या बाई तर उभ्या राहून पिशवी आवरत होत्या. तेवढ्यात आपल्या बॅकच्या हाताला चेंडू लागला आणि तुम्हाला पेनल्टी मिळाली. तू चेंडू उचललास आणि ठिपक्यावर ठेवलास. माझा भाऊ एकीकडे आणि नवरा एकीकडे. कोणासाठी हात जोडावेत ते मला कळेना. मग मी डोळे मिटलेच नाहीत, सगळं बघितलं.

तू ह्यांच्या डावीकडे मारलास. हे उजवीकडे झेपावले. आणि टिल्लू, चेंडू किती हळू होता! तू असा कधी मारत नाहीस. अंगणातसुद्धा मारत नव्हतास. कोणीही अडवला असता. त्यानंतर तू आमच्या स्टँडकडे तोंड करून हात जोडलेस. वरून लोकांनी काय काय फेकलं ते तू पाहिलंस. मला ते फेकणाऱ्यांचा राग आला नाही, तुझा आला.

आता लोक ह्यांना बोलतायत. एवढी वर्षं ज्याला पेनल्टी शिकवली त्याची बाजू ओळखता आली नाही म्हणतात. कोणी म्हणतं, मेहुण्याला मुद्दाम गोल दिला. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, तिथे गाल सुजलेला माणूससुद्धा आधी मला विचारतो, "साहेब उजवीकडे का गेले?" खालच्या लीगमध्ये पैसा कमी, म्हणून लॉन्ड्रीत दोघींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशी राहिल्या आहेत, पण किती दिवस ते माहीत नाही.

हे म्हणतात, "अंदाज चुकला," एवढंच. जेवतात, भांडी घासतात, माझ्याकडे बघत नाहीत.

तुम्हा दोघांना एकमेकांवर राग काढायला एक अख्खा क्लब लागला. माझ्या माहेरचा तू एकटा आहेस, म्हणून शिवी लिहीत नाही.

ताई

२३ मे

भावोजी,

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत.

त्या एका कागदात मी माझं सगळं तुमच्या हाती दिलं होतं. नवा क्लब, करार, पुढची सगळी वर्षं. त्या एका ओळीने तुम्ही मला संपवू शकला असतात. ज्याने एवढं लिहून दिलं तो खोटं बोलेल? पण नाही. टिल्लू म्हणजे दगाबाज, दगाबाज डावीकडे म्हणाला म्हणजे उजवीकडे मारणार. एवढाच हिशोब केलात ना?

चेंडू तिथेच गेला जिथे मी सांगितलं होतं. जोरही काढून घेतला होता. इथल्या प्रशिक्षकांनी सामन्यानंतर विचारलं, हा काय शॉट होता? पाय घसरला म्हणून वेळ मारून नेली. मी माझ्या संघाशी बेइमानी केली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती तुमच्यासाठी. तुम्ही ती मातीत घातलीत.

आता मला निष्ठेबद्दल एक अक्षर शिकवू नका. मी निष्ठा दाखवली होती, लेखी. क्लब मी बुडवला नाही. तुमच्या द्वेषाने बुडवला. लॉन्ड्रीतल्या त्या दोघींना जाऊन हे सांगा, आहे हिंमत?

टिल्लू

२९ मे

टिल्लू,

विश्वास ठेवला. शब्दन् शब्द खरा मानला. तू खोटं बोलायला लागलास की अक्षर सुंदर काढतोस, आणि त्या कागदावर कोंबडीचे पाय उमटले होते. वाचून झाल्यावर तो चुलीत घातला. तो जन्मात कोणाला दिसणार नाही, निश्चिंत राहा.

त्यानंतर रविवारपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. प्रशिक्षकांना सांगावं तर तू संपतोस आणि तुझी ताई मला आयुष्यभर माफ करत नाही. गप्प राहावं तर मी तुझ्या बेइमानीत भागीदार. आजारी आहे म्हणून बाहेर बसावं तर शेवटच्या सामन्याला पळपुटा. रागाने तुला लिहायला बसलो होतो, फाडलं. मग ठरवलं की पेनल्टी होणारच नाही. किती सामन्यांत होते? त्या भरवशावर मैदानात उतरलो.

आणि झाली.

आता नीट वाच, पुन्हा लिहिणार नाही. तू धावत आलास. शेवटच्या दोन पावलांत तुझा डावा खांदा पडला आणि पायाचा पंजा बाहेर वळला. घाबरलास की तू हे करतोस, लहानपणापासून करतोस, आणि मग चेंडू माझ्या डावीकडेच येतो. मी तुला हे कधी सांगितलं नाही, कारण कधीतरी तू समोरच्या संघात असशील हे मला तू गोल मारायला शिकलास त्याच वर्षी कळलं होतं. तुझं पत्र आलं नसतं ना, टिल्लू, तरी मी डावीकडेच गेलो असतो. चेंडू पकडला असता. क्लब वर राहिला असता आणि मी घरी येऊन ताईला म्हणालो असतो, तुझ्या भावाचा गोल अडवला, वाढ जेवायला.

पण पत्र आलं होतं. डावीकडे जायचं म्हणजे आता तू सांगितलंस म्हणून जायचं. तो चेंडू मी अडवला असता तर तो मी अडवलेला नसता. आयुष्यभर लोकांनी पाठ थोपटली असती आणि दर वेळी मला तुझं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर दिसलं असतं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत केलीस. क्लब मला वाचवायचा होता, चोरायचा नव्हता. उभं राहावं म्हटलं तर पाय ऐकेनात, कुठेतरी जायलाच हवं होतं. उजवी बाजू तेवढी माझी उरली होती.

मोठा शहाणपणा केला असं मला वाटत नाही. लॉन्ड्रीतल्या दोघींच्या दारावरून जाताना मी रस्ता बदलतो. माझ्या इमानदारीचं बिल त्यांनी भरलं, हे मला कळतं. पण ती वेळ तू आणलीस. तुला वर जायचं होतं, गेलास, ठीक होतं. मी शिव्या दिल्या, तू सहन केल्यास, तेही ठीक होतं. दोन्हीकडे पाय ठेवायला जायचं नव्हतं. मला तुझी मदत लागली नसती, आणि तू मला एवढंही ओळखलं नाहीस.

ताई म्हणते, सुट्टीत घरी ये. मी म्हणत नाही. आलास तर दार उघडीन, बोलणार नाही.

लोकांना मी सांगितलंय, माझा अंदाज चुकला. ताईलाही तेच सांगितलंय. तुला कोणी विचारलं तर तूही तेच सांग.

भावोजी